फ्रिजमधला हिवाळा

पोल्वा गावात, पाचमजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर
मी अकराची असताना
एक काचेची पेटी पाळली होती.
पेटीच म्हणते.
मुंग्या पाळल्या म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

रस्ता रुंद करताना यंत्रानं एक वारूळ फोडलं,
बाबांनी त्यातलं बादलीभर घरी आणलं:
पाईनच्या सुया, राळेचे खडे,
तीनेकशे तांबड्या रानमुंग्या
आणि नशिबानं एक राणी.
काचेच्या काठाला आतून टाल्कम पावडरचा पट्टा,
म्हणजे पाय घसरतात.
दर रविवारी तो मी नव्यानं ओढायची,
आई केकवर साखर भुरभुरते तशी, मन लावून.

वहीत लिहायची:
सकाळी सात चाळीस, मधाच्या बुचापाशी चौदा.
सात पन्नास, एकोणीस.
मोजलं की ओळख होते असं वाटायचं.
त्यांनी मात्र एकच काम काढलं होतं,
दाराकडच्या कोपऱ्यातली एकेक सुई
ओढत न्यायची दुसऱ्या कोपऱ्यात.
तिकडे खिडकी होती.
हे मी वहीत लिहिलं नाही.

ऑक्टोबरात त्यांना थंडी लागते, म्हणून फ्रिज.
शेपू घातलेल्या काकड्यांची बरणी,
तिच्या शेजारी डब्यात झोपलेलं जंगल.
पाहुणे आले की दार उघडून दाखवायची,
हा माझा हिवाळा.

फेब्रुवारीत दोन दिवस वीज गेली.
आम्ही मावशीकडे होतो.
त्या जाग्या झाल्या, घाबरल्या,
आणि घाबरल्यावर रानात जे करतात तेच केलं,
पोट वळवून आम्ल फवारलं.
रानात वारा असतो.
डब्याला झाकण होतं.
उघडलं तेव्हा डोळ्यांत चुरचुरलं.
ते रडणं होतं की ती वाफ,
मला अजून सांगता येत नाही.

खालच्या मजल्यावरचे हेल्दुर,
तीस वर्षं वनखात्यात,
काही बोलले नाहीत.
एप्रिलमध्ये फक्त दार वाजवलं, बूट घाल म्हणाले.

वारूळ माझ्या खांद्याइतकं.
उत्तरेला अजून बर्फ चिकटलेला,
दक्षिणेच्या उतारावर मुंग्यांचा काळा, हलता गोळा.
ऊन खातायत, हेल्दुर म्हणाले,
अंगं तापली की आत जातात,
तळाशी जाऊन ऊब सोडतात, परत वर.
कुणी ओंजळीनं पाणी वाहावं तसं ऊन.
मी वही काढली.
बेचाळीसपर्यंत गेले आणि तो गोळा एकदा श्वास घेतल्यासारखा हलला.
पुन्हा एकपासून.
पुन्हा.
हेल्दुर पाईनला टेकून सिगारेट वळत होते.

मग वाकून त्यांनी एक निळं फूल खुडलं,
त्या दिवसांत तिथे सगळीकडे उमलतं ते,
आणि हलकेच वारुळावर धरलं.
पाकळ्यांवर गुलाबी ठिपके उठले,
गोवर यावा तसे.
तोच वास.
इथे तो नुसता आंबट होता,
आणि निघून गेला.

एक वाट बर्चच्या झाडाकडे जात होती,
इवल्या पायांनी मातीत गुळगुळीत झालेली.
तिच्यामागे मी ओणवी चालत गेले.
वाट खोडावर चढली.
माझी उंची संपली.
वर त्या काय करतात?
मावा राखतात म्हणे, हेल्दुर म्हणाले,
मी कुठे चढलोय.

परतताना, गाडीपाशी,
किल्ली हातात धरून ते थांबले.
एक विचारू, त्रीनु?
इतकी वर्षं मी यांच्या शेजारी जेवलो, झोपलोसुद्धा,
वारूळ कधी उकरलं नाही.
राणी कशी असते गं?

मी सांगितलं.
मोठी असते. काळपट, पाठ तकतकीत,
पंख काढून टाकल्याच्या खुणा असतात.
बाकीच्या तिला सारख्या चाटत राहतात.
ती कुठेच जात नाही.

ते ऐकत होते, टोपी काढून.
मला आणखीही माहीत होतं,
तिचे पाय शेवटी कसे आत वळतात.
ते मी सांगितलं नाही.